शोधनिबंध वाचूया : दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना संसर्ग नेमका कुठून झाला?



पेटची तयारी करणारे, सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण एकच प्रश्न विचारतात. "पूर्वसंशोधनाचा आढावा चिकित्सक हवा, असं गाईड म्हणतात. म्हणजे नक्की काय करायचं?" बहुतेकांच्या आढाव्यात एकामागून एक सारांश असतात. अमक्याने हे शोधलं, तमक्याने ते शोधलं. पण निबंधाला प्रश्न कसे विचारायचे, हे कुणी बसून शिकवत नाही. म्हणून आज एकच निबंध घेऊ आणि त्याला नीट प्रश्न विचारू.

निबंध आहे मे २०२० मधला, 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आलेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, संशोधकांनी केलेला. विषय : आरोग्य कर्मचाऱ्यांना कोरोनाचा संसर्ग कशामुळे होतो आणि कशामुळे टळतो. हाच का निवडला? कारण त्याच्या निष्कर्षांचा परिणाम कपाटात पडून राहिला नाही. त्या काळात पीपीई किट घालून वॉर्डात जाणाऱ्या सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी यांनी कोणती गोळी घ्यावी, हे त्यावरून ठरत होतं.

निबंध काय म्हणतो?

आधी पार्श्वभूमी. मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात आयसीएमआरच्या राष्ट्रीय कृतिदलाने सल्ला दिला की, कोविड रुग्णांची देखभाल करणाऱ्या, लक्षणं नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घ्यावी. पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, आणि नंतर सात आठवडे, आठवड्यातून एकदा ४०० मिलिग्रॅम. या दर आठवड्याच्या मात्रेला 'मेंटेनन्स डोस' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्याच्यावर आहे.

अभ्यास केस-कंट्रोल प्रकारचा. देशभरातल्या कोविड चाचण्यांच्या नोंदी आयसीएमआरच्या पोर्टलवर जमा होत होत्या. त्यातून आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आलेले आरोग्य कर्मचारी (केस) आणि निगेटिव्ह आलेले (कंट्रोल) यादृच्छिक पद्धतीने निवडले. केस ३७८, कंट्रोल ३७३. त्यांना २० प्रश्नांची छोटी प्रश्नावली विचारली : कामाचं ठिकाण, केलेल्या वैद्यकीय प्रक्रिया, पीपीईचा वापर, औषध घेतलं का, किती घेतलं.

निष्कर्ष थोडक्यात असे. इंट्युबेशन करणाऱ्यांत, म्हणजे रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणाऱ्यांत, संसर्गाचा समायोजित ऑड्स रेशो ४.३३. पीपीई वापरणाऱ्यांत संसर्ग कमी. गोळी नुसती सुरू करून फायदा नाही, पण चार किंवा अधिक मेंटेनन्स डोस घेतलेल्यांत ऑड्स रेशो ०.४४. सहा किंवा त्याहून जास्त डोस घेतलेल्यांत तर ०.०४. जितके डोस जास्त, तितका संसर्ग कमी, असा उतरता क्रम दिसला.

०.०४ म्हणजे काय? ऑड्स ९६ टक्क्यांनी कमी. एवढं संरक्षण देणारी स्वस्त गोळी हाती असेल तर कोण नाही म्हणेल? २२ मे २०२० च्या सुधारित सल्ल्यात याच विश्लेषणाचा आधार घेऊन गोळीची शिफारस बिगर-कोविड रुग्णालयांतले कर्मचारी, प्रतिबंधित क्षेत्रात सर्वेक्षण करणारे आणि पोलीस यांच्यापर्यंत वाढवली गेली.

आधी श्रेय द्या

परीक्षण म्हणजे चुका काढणं, हा समज डोक्यातून काढून टाका. या अभ्यासाचं पहिलं बळ म्हणजे वेग. साथ अंगावर आलेली असताना काही आठवड्यांत देशपातळीवरचा नमुना जमवणं ही सोपी गोष्ट नाही. दुसरं बळ कंट्रोल निवडण्यात आहे. कंट्रोल रस्त्यावरून उचललेले नाहीत, तेही चाचणीपर्यंत पोचलेले कर्मचारी आहेत. त्यामुळे 'चाचणी मिळणारे' विरुद्ध 'न मिळणारे' हा मोठा फरक दोन्ही गटांत येत नाही. आणि तिसरं, 'नुसतं औषध सुरू करून फायदा दिसला नाही' हे लेखकांनी स्वतःच स्पष्ट लिहिलं आहे. बातम्यांत मात्र हे वाक्य मागे पडलं.

आता प्रश्नांकडे वळू.

प्रश्न पहिला : डोस मोजले की आठवडे?

कॅलेंडर घेऊन बसा. समजा एका सिस्टरने २५ मार्चला गोळी सुरू केली. पहिला मेंटेनन्स डोस १ एप्रिलला, दुसरा ८ ला, तिसरा १५ ला, चौथा २२ ला. सहावा येतो थेट ६ मेला. आता तिला १६ एप्रिलला संसर्ग झाला, तर ती चार डोसांच्या गटात कधीच येऊ शकत नाही. तिने गोळी चुकवली म्हणून नाही. आजारी पडल्यावर तिचं प्रतिबंधक औषध थांबतं, आणि मोजणीही थांबते.

दुसरीकडे, निगेटिव्ह आलेली तिची मैत्रीण कामावर परत जाते आणि दर बुधवारी गोळी घेत राहते. तिचे डोस चाचणीच्या दिवसापर्यंत मोजले की फोन आला त्या दिवसापर्यंत, यावर सगळं अवलंबून आहे. फोनच्या दिवसापर्यंत मोजले, तर तिचे डोस वाढणारच. आणि कंट्रोलच्या चाचण्या केसपेक्षा सरासरीने उशिरा झालेल्या असतील, तरीही तेच होणार. म्हणजे 'सहा डोस घेतल्यामुळे संसर्ग टळला' आणि 'संसर्ग टळला म्हणून सहा डोस घ्यायला वेळ मिळाला', ही दोन वाक्यं डोसांच्या तक्त्यात एकसारखीच दिसतात.

यावर उपाय आहे. प्रत्येक केसला त्याच तारखेच्या आसपास चाचणी झालेला कंट्रोल जोडायचा आणि दोघांचे डोस त्या तारखेलाच थांबवून मोजायचे. औषध दर आठवड्याचं असेल आणि आजार काही आठवड्यांत पसरत असेल, तर तारीख ही किरकोळ बाब राहत नाही. कोणत्याही निबंधात 'डोस वाढला तसा परिणाम वाढला' असं दिसलं की पहिला प्रश्न हा विचारा : जास्त डोस घ्यायला लागणारा वेळ दोन्ही गटांना सारखा मिळाला होता का?

त्यातच आणखी एक गुंता. सहा आठवडे न चुकता गोळी घेणारा माणूस कसा असतो? तो मास्कही नीट लावणारा, हातही धुणारा असण्याची शक्यता जास्त. उलट, शेजारच्या कॉटवरचा रुग्ण पॉझिटिव्ह निघाल्यावर घाबरून कालच गोळी सुरू करणारा हा आधीच जोखमीत सापडलेला असतो. पहिला जास्त डोसांच्या गटात जातो, दुसरा कमी डोसांच्या. दोघांतला फरक गोळीच्या खात्यावर जमा होतो.

हे नुसते तर्क आहेत का? नाही. नंतर चिठ्ठी टाकून गट पाडणारे अभ्यास झाले. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४८३ आरोग्य कर्मचाऱ्यांच्या चाचणीत आठवड्यातून एकदा किंवा दोनदा गोळी घेऊन ठाम फायदा दिसला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयांतल्या १३२ कर्मचाऱ्यांच्या छोट्या चाचणीत संसर्गाचं प्रमाण गोळीच्या गटात ६.३ टक्के, दुसऱ्यात ६.६ टक्के. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंधासाठी ही गोळी वापरू नये, अशी ठाम शिफारस केली.

पण इथे थांबलात तर अर्धवट परीक्षण होईल. २०२४ मध्ये कॉपकोव्ह या बहुदेशीय चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. सहभागी ४,६५२. त्यात लक्षणांसह कोविड होण्याचं प्रमाण गोळीच्या गटात सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतं. सापेक्ष जोखीम ०.८५, विश्वास-अंतराल ०.७२ ते १.००. म्हणजे थोडा फायदा असेलही, पण काठावरचा. ०.०४ आणि ०.८५ हे आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. एक ऑड्स रेशो आहे, दुसरी सापेक्ष जोखीम, त्यामुळे थेट वजाबाकी करू नका. तरी एवढी मोठी दरी त्या फरकाने भरून निघत नाही. ती बरीचशी अभ्यासाच्या रचनेतून आलेली असावी, असं माझं मत आहे.

प्रश्न दुसरा : ४.३३ वर किती विसंबायचं?

इंट्युबेशनचा ४.३३ हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो. त्याचा विश्वास-अंतराल मात्र फार कुणी सांगत नाही : १.१६ ते १६.०७. म्हणजे खरी जोखीम जेमतेम वाढलेली असू शकते, किंवा सोळापटही. एवढा रुंद अंतराल येतो, कारण साडेसातशे जणांत इंट्युबेशन करणारे मुळात थोडेच असणार. आकडा चुकीचा नाही, तो अंधुक आहे. तुमच्या आढाव्यात 'जोखीम चौपट' असं लिहून पुढे जाऊ नका. अंतराल सोबत द्या, आणि तो एवढा रुंद का आहे हे एका वाक्यात सांगा.

प्रश्न तिसरा : प्रश्नावलीत कोण बसलं, कोण बाहेर राहिलं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि त्यासाठी आपण सोलापुरात येऊ.

सोलापुरातल्या पहिल्या कोरोना रुग्णाची नोंद १२ एप्रिल २०२० ची. अहवाल आला तोवर रुग्णाचा मृत्यू झालेला होता. ही गोष्ट संशोधकाच्या नजरेने वाचा. अहवाल येण्याआधी अशा कोणत्याही रुग्णाच्या जवळ कोण कोण जाऊन आलेलं असतं? केसपेपरच्या खिडकीतला क्लार्क. स्ट्रेचर ढकलणारे मामा. एक्स-रे काढणारा टेक्निशियन. फरशी पुसणाऱ्या मावशी. त्या क्षणी यांच्यापैकी एकही जण कागदोपत्री 'कोविड ड्यूटी'वर नसतो. पीपीईचा तर प्रश्नच नाही.

त्याच एप्रिलच्या सुरुवातीला मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर पॉझिटिव्ह आल्यावर ते रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद करावं लागलं होतं. इथेही सावध राहा. '२६ विरुद्ध ३' वाचून परिचारिकांना नऊपट धोका असं लिहिण्याचा मोह होतो. पण तिथे एकूण परिचारिका किती, डॉक्टर किती, प्रत्येकाच्या किती चाचण्या झाल्या, हे छेद माहीत नसताना जोखीम काढता येत नाही. त्या आकड्यांतून एवढंच कळतं की एकत्र काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांत विषाणू वेगाने पसरू शकतो. मग कर्मचाऱ्याला संसर्ग रुग्णाकडून झाला की ड्यूटी रूममध्ये, कपडे बदलण्याच्या खोलीत, चहाच्या टेबलावर सहकाऱ्याकडून, हा प्रश्न उभा राहतो.

आता आयसीएमआरच्या प्रश्नावलीचा सारांशात दिलेला रोख बघा : कामाचं ठिकाण, प्रक्रिया, पीपीई. या यादीमागे संसर्गाचं एक चित्र गृहीत आहे. रुग्ण इथे, कर्मचारी तिथे, मध्ये किट, आणि धोक्याचा क्षण म्हणजे प्रक्रिया. तेव्हाच्या समजुतीला हे धरूनच होतं. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटना समाजमाध्यमांवर सांगत होती की कोविड हवेतून पसरत नाही. नंतर ते चित्र बदललं. नियोजित शस्त्रक्रियांच्या वेळी प्रत्यक्ष मोजमाप केलं तेव्हा इंट्युबेशनपेक्षा साध्या खोकल्यातून जास्त सूक्ष्म कण बाहेर पडताना आढळले. धोका आयसीयूच्या दारात थांबत नव्हता, बंद खिडक्यांच्या कुठल्याही खोलीत होता. पण चहाच्या सुट्टीबद्दल विचारलंच नाही, तर विश्लेषणात चहाची सुट्टी येणार कुठून? आपण जे विचारत नाही, ते संगणक शोधून देत नाही.

याचा पडताळा घ्यायला एक वेगळा आकडा आहे. आयसीएमआरचं तिसरं राष्ट्रीय सिरो-सर्वेक्षण डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ मध्ये झालं. लसीकरण १६ जानेवारीला सुरू झालं, त्याच्या आधी. म्हणजे रक्तात सापडलेली प्रतिपिंडं लसीची नव्हती, संसर्गाची होती. ४ फेब्रुवारी २०२१ ला जाहीर झालेले आकडे असे :

सर्वसाधारण प्रौढ : २१.४ टक्के
एकूण आरोग्य कर्मचारी : २५.७ टक्के
डॉक्टर आणि परिचारिका : २६.६ टक्के
पॅरामेडिकल कर्मचारी : २५.४ टक्के
क्षेत्रीय कर्मचारी : २५.३ टक्के
प्रशासकीय कर्मचारी : २४.९ टक्के

शेवटची ओळ पुन्हा वाचा. खिडकीत, टेबलावर बसणारा प्रशासकीय कर्मचारी आणि रुग्णाला हात लावणारा डॉक्टर यांच्यात दोन टक्क्यांचाही फरक नाही. प्रक्रिया हाच धोक्याचा मुख्य स्रोत असता, तर ही दरी मोठी दिसायला हवी होती.

अर्थात या आकड्यांनाही तोच चाप लावा. प्रतिपिंडं संसर्ग झाला एवढं सांगतात, कुठे झाला ते सांगत नाहीत. कदाचित चांगल्या किटमुळे डॉक्टर वाचले आणि म्हणून दरी बुजली. कदाचित बऱ्याच जणांना संसर्ग गल्लीत, घरात झाला. शिवाय जे दगावले ते या सर्वेक्षणात नाहीतच. आणि महाराष्ट्रातले त्यातले जिल्हे सहा : बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर, जळगाव. सोलापूर त्यात नव्हतं.

एवढा कीस का काढायचा?

कारण 'संपर्क' या शब्दाची व्याख्या निबंधापुरती राहत नाही. मार्च २०२० अखेरीस केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांची विमा योजना सुरू केली. कंत्राटी आणि बाह्यस्रोतातून घेतलेले कर्मचारीही तिच्यात होते. अट होती कोविड रुग्णांच्या थेट संपर्काची आणि देखभालीची. आता कल्पना करा, सर्जरीच्या साध्या वॉर्डात झाडू-पोछा करणाऱ्या, ठेकेदाराकडून आलेल्या एखाद्या मावशी गेल्या. त्यांचा 'थेट संपर्क' कुठल्या कागदावरून सिद्ध करणार? त्यांचं नाव रुग्णालयाच्या हजेरीपटावर नाही, ठेकेदाराच्या वहीत आहे. त्यांच्या वॉर्डावर 'कोविड' अशी पाटी नव्हती. संशोधकाने संपर्काची जी चौकट आखली, तशीच चौकट कचेरीतला माणूसही वापरतो. आणि चौकटीबाहेरच्या माणसाच्या घरच्यांना कागद जमवत फिरावं लागतं.

म्हणून आकडे मांडण्याआधीचा टप्पा, म्हणजे कुणाला मोजायचं आणि काय विचारायचं, हाच माझ्या दृष्टीने परीक्षणाचा गाभा आहे. गणितातली चूक दुसरा कुणीतरी सुधारतो. जो माणूस नमुन्यात आलाच नाही, त्याची आठवण कुणालाच होत नाही.

सोलापूरसाठी अभ्यास आखायचा तर?

हा तुमचा गृहपाठ समजा. समजा, तुम्हाला इथल्या सिव्हिलसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात कर्मचाऱ्यांच्या संसर्गाचा अभ्यास करायचा आहे. सुरुवात चाचणीच्या नोंदींपासून करू नका. चाचणी कुणाची होते हे पदावरही ठरतं. सुरुवात ड्यूटी चार्ट आणि हजेरीपटापासून करा, आणि ठेकेदारांच्या याद्या वेगळ्या मागून घ्या. म्हणजे तुमच्या हाती छेद येईल : एकूण किती माणसं, कोणत्या कामावर, किती दिवस.

मग प्रश्न. प्रक्रिया आणि पीपीई विचाराच, पण सोबत हेही : डबा कुठे आणि कुणाबरोबर खाता? किट काढता ती खोली केवढी, खिडकी उघडते का? क्वार्टरमध्ये राहता की पेठेत, खोलीत किती जण? येता-जाता कसे? घरात आधी कोण आजारी पडलं? सोलापुरात हे जास्तच लागू. दाट पेठा, घरात बसून विड्या वळणाऱ्या बाया, यंत्रमागाच्या शेडमधली गर्दी, आणि उपचारासाठी धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरहून येणारे रुग्ण. इथल्या कर्मचाऱ्याचा संसर्ग वॉर्डातलाच असणार असं गृहीत धरलंत, तर वस्तीतली साथ तुमच्या निष्कर्षात वॉर्डाच्या नावावर चढेल. त्यासाठी कर्मचाऱ्यांच्या आजाराच्या तारखा आणि त्यांच्या पेठेतल्या रुग्णसंख्येच्या तारखा शेजारी ठेवाव्या लागतील. विषाणूच्या जनुकीय क्रमाची जोड मिळाली, तर कोणाचा संसर्ग कोणाशी जुळतो हेही तपासता येईल.

आणि नीतिमत्ता समितीचा अर्ज भरताना एक गोष्ट विसरू नका. छोट्या विभागात 'बावन्न वर्षांची परिचारिका' एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो. त्या काळात पॉझिटिव्ह निघालेल्या सिस्टरला घरमालकाने खोली रिकामी करायला सांगणं, ही ऐकीव गोष्ट नव्हती. गुप्ततेचा रकाना फॉर्म पुरा करण्यासाठी भरायचा नसतो.

जाता जाता

मूळ निबंध मिळवून स्वतः वाचा. तक्ते आधी बघा, निष्कर्ष शेवटी. वाचताना समासात तीन गोष्टी लिहा. मोजणी कोणत्या तारखेला सुरू झाली आणि कोणत्या तारखेला थांबली? आकड्याचा अंतराल किती रुंद? आणि या अभ्यासात मावशी कुठे आहेत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, तर तुमच्या सिनॉप्सिसचा 'संशोधनातील उणीव' हा मुद्दा तिथेच आहे.